चार-पाच, खालून की वरून

९ जून, सोमवार

एमआरआय झाला. पावाच्या भट्टीत पाव सरकवतात तसं मला आत सरकवलं. तिथला माणूस म्हणाला, अजिबात हलायचं नाही. हलायचं नाही म्हटल्यावर नाकाला खाज आलीच. कानात ठक ठक ठक, मग ताशासारखं, मग परत ठक ठक. बाहेर बायको बसलेली. मला बघितल्या बघितल्या, "काय म्हणाले?" अगं वैशाली, ते काय म्हणणार, मशीन आहे ते.

दुखणं, फेब्रुवारीपासूनचं: कंबर थोडी. उजवी मांडी मागून, पोटरी बाहेरून, तिथून थेट पायाच्या अंगठ्यापर्यंत वीज गेल्यासारखं. कंबर बिघडली तर अंगठा का बोंबलतो हे अजून कोणी नीट सांगितलेलं नाही.

११ जून, बुधवार

रिपोर्ट आला. लंच टाइममध्ये ऑफिसजवळच्या डॉक्टरांकडे गेलो (यापुढे अं.डॉ., अंधेरीवाले). त्यांनी फिल्म उजेडावर लावली. माझ्या पाठीचे काळेपांढरे तुकडे, एकावर एक.

"एल फोर-एल फाइव्ह. चौथ्या-पाचव्या मणक्यामधली गादी बाहेर आलीये, नस दाबतेय. काढून टाकू."

काढून टाकू! नख काढतात तसं. औषधाने होणार नाही का विचारलं. "औषध देतोच आहे. पण शेवटी काढावी लागेल."

चौथा-पाचवा. ऑफिसात दिवसभर हेच तर ऐकतो. लिफ्टची कंपनी, मी कंप्लेंट डेस्कवर. "लिफ्ट चौथ्या-पाचव्याच्या मध्ये अडकलीय हो." मी लिहून घेतो, मेकॅनिक पाठवतो. आज मीच कंप्लेंट आणि मेकॅनिक सुरी घेऊन तयार.

गुरुपौर्णिमेपासून आमच्या गोविंदा पथकाचा सराव सुरू होईल. तेवढं विचारायला जीभ वळली नाही.

१२ जून, गुरुवार

वै. : "हंडीचं विचारलंस?"
मी : "राहिलं."
वै. : "अठरा वर्षं बघतेय. तुझं नेमकं तेच राहतं."

१४ जून, शनिवार

बाळादा घरी आला. साठी उलटली तरी पथकाचा कोच तोच. मला पहिल्यांदा खांद्यावर माणूस घ्यायला त्यानेच शिकवलं. तेव्हापासून मी पहिल्या थराला, आतल्या गोलात. माझ्या खांद्यावर एक, त्याच्यावर अजून, त्याच्यावर अजून. वर काय चाललंय ते मला कधीच दिसत नाही. मान खाली, समोर चिखल आणि पाय. लोक टाळ्या वाजवतात तेव्हा कळतं, फुटली.

रिपोर्ट दाखवला. बाळादाने चष्मा लावून वाचला, मग मला चटईवर पालथं घातलं.

"चवथो-पाचवो. बरां. खालसून मोजूया."

माकडहाडापासून बोट दाबत वर आला. हो पयलो, हो दुसरो... फासळ्या संपतात त्या आसपास थांबला. "हयच आसा."

"पण बाळादा, माझं तर खाली दुखतंय."

"दुखता खय आणि बिगाडता खय. अंगठो पण दुखता ना तुझो? मगे अंगठ्याक गादी आसा काय?"

बिनतोड. तरी विचारलं, खालूनच मोजायचं ना नक्की? "मगे? थर खयसून मोजतंत? पयलो थर खालीच आसता ना रे?"

खरंच आहे. आमच्यात वरून कोणी मोजत नाही. लसणीचं तेल चोळून गेला. घराला फोडणीचा वास. वै. आतून म्हणाली, "एमआरआय उगाच केला, आधी बाळादालाच बोलवायचं होतं."

१७ जून, मंगळवार

आई : जमिनीवर झोप.
शेजारचे जोशीकाका : जमिनीवर अजिबात नको, चांगली गादी घ्या.
ऑफिसातला पाटील : गुडघ्यांत उशी.
मोबाइलवरचा एक माणूस : पुढे वाका, दुखणं पळेल.
मोबाइलवरचा दुसरा : पुढे वाकलात तर मेलात.
गरम शेक, की बर्फ? पट्टा लावायचा, की लावल्याने स्नायू आळशी होतात? जो भेटतो त्याच्या घरात एकाला तरी हेच झालेलं असतं आणि प्रत्येकाचा वेगळाच उपाय लागू पडलेला असतो. मी सगळं थोडं थोडं करतो. काल पुढे वाकलो, आज मागे.

बाळादाचं तेल रोज. वै. लावते. चिडून, पण लावते.

२१ जून, शनिवार

फिजिओथेरपी सुरू. घाटकोपर पूर्वेला, स्टेशनच्या बाजूला. केतकी मॅडम. वयाने लहान, मला काका म्हणतात. मी त्रेचाळीसचा. ठीक आहे, म्हणा.

त्यांच्याकडे स्टँडला टांगलेला प्लास्टिकचा कणा आहे. हात लावला की सळसळतो. मी आजवर समजत होतो ताठ कणा म्हणजे सरळ कणा. सरळ नाहीच मुळी! मानेत आत, पाठीत बाहेर, कमरेत परत आत. मॅडम म्हणाल्या, "सरळ खांबासारखा असता तर प्रत्येक पावलाचा दणका थेट डोक्यात गेला असता. या बाकांमुळे तो स्प्रिंगसारखा दबतो." मानेतले मणके नाजूक, खाली यावं तसे थोराड. दोन मणक्यांच्या मध्ये गादी, बाहेरून चिवट, आत गिळगिळीत. माझ्या गादीतलं आतलं बाहेर आलंय आणि शेजारून जाणाऱ्या नसेवर बसलंय.

मी म्हटलं, बेसला जाडजूड लागतातच. त्यांना कळलं नाही. मग सांगितलं, मी गोविंदा. त्यांचा चेहरा बदलला.

"खांद्यावर माणूस घेता?"
"एकच. पण त्याच्यावर अजून असतात."
"आणि या वर्षी?"
"बघू."

मग शर्ट वर करायला सांगितला. "काका, इथे एवढं लाल का झालंय? वास कसला?" सांगितलं, चार-पाचला तेल लावतोय. त्यांच्या तोंडावर हात. हसून हसून खुर्चीत बसल्या.

"अहो, मणके वरून मोजतात! मान, मग पाठ, मग कंबर. कमरेचे पाच. चौथा-पाचवा म्हणजे सगळ्यात खालचे. तुम्ही पहिल्या-दुसऱ्याला तेल चोळताय."

म्हणजे इतके दिवस निरोगी मणक्यांची मालिश चालू होती. त्यांनी काही वाईट वाटून घेतलं नसेल.

वै.ला सांगितलं. ती भांडी घासता घासता हसत सुटली, थांबेचना. खूप दिवसांनी अशी हसली. मलाही बरं वाटलं.

२२ जून, रविवार

बाळादाला सांगितलं, डॉक्टर लोक वरून मोजतात. त्याला पटलं नाही. "वरसून? आणि खालचो सराकलो तर वरच्याचो नंबर ऱ्हवता खय?"

खरं तर बरोबर वाटलं.

२८ जून, शनिवार

अंगठ्याचं कोडं आज सुटलं. निदान मॅडमनी सोडवलं, मला कितपत समजलं माहीत नाही. मेंदूतून येणारा मुख्य दोर कमरेच्या सुरुवातीलाच संपतो. त्याच्या खाली नुसत्या सुट्या नसा लोंबतात, घोड्याच्या शेपटीसारख्या. प्रत्येक मजल्यावर एकेक जोडी बाहेर पडते आणि आपापल्या गावाला जाते. माझी दाबली गेलेली नस अंगठ्याच्या गावाला जाते. दाबलीय कमरेत, पण मेंदूला वाटतं ओरड अंगठ्याकडून आली.

बाळादा म्हणाला तेच. दुखता खय आणि बिगाडता खय. फक्त तेल चुकलं.

अजून एक. नुसती हाडं काढून उभी केली आणि वर थोडं वजन ठेवलं तर कणा लगेच वाकेल. आजूबाजूचे स्नायू, पोटाचे, पाठीचे, त्याला धरून ठेवतात. हे मात्र मला पटकन कळलं. बेसच्या गोलाला बाहेरून रेटणारे नसतील तर आतले कितीही दणकट असोत, थर उसवतो. लोक वर बघतात. बाहेरून रेटणाऱ्याचा फोटो कोणी काढत नाही.

व्यायाम : पाठीवर झोपून पोट आत. फालतू दिसतो, घाम काढतो.

३ जुलै, गुरुवार

मेट्रोचा जिना उतरत होतो. मागून एक बाई ओरडली, "ओ भाऊ, चप्पल!" वळून बघतो तर माझी उजवी चप्पल वर पायरीवर. अनवाणी उतरलो होतो आणि मला पत्ता नाही.

घाईत असेन. वै.ला सांगितलं नाही.

४ जुलै, शुक्रवार

वै.च्या भावाच्या ओळखीने मुलुंडला दुसऱ्या डॉक्टरांकडे (मु.डॉ.). फक्त मणक्याचंच बघतात. वै. बरोबर. त्यांनी काही बोलायच्या आधी पूर्ण पाठीचा, मानेपासून खालपर्यंतचा नवा फोटो काढायला सांगितलं. म्हटलं, एमआरआय आहे की. "तो फक्त कमरेचा आहे. मला वरपासून बघायचंय."

मग प्रश्न. लघवीला काही त्रास? बसायच्या जागी बधिरपणा? माझ्या आधी वै.नेच उत्तर दिलं, "नाही हो." मी म्हटलं, तुला काय माहीत? डॉक्टर हसले नाहीत. म्हणाले, "हे कधीही झालं तर रात्र असो, दिवस असो, सरळ हॉस्पिटल. त्या शेपटीच्या नसा आहेत."

हंडीचं वै.ने विचारलं. "उभं राहायचं नाही." बस्स. मी पुढे काही म्हणणार तर ते पुढचा पेशंट बोलवत होते.

६ जुलै, रविवार

नवा रिपोर्ट. वाट लागली. यात लिहिलंय एल फाइव्ह-एस वन. आधीचा चार-पाच, आता पाच आणि त्याच्या खालचा. म्हणजे दोन गाद्या गेल्या? महिन्याभरात? की पहिला चुकीचा? की दुसरा?

जेवण गेलं नाही. वै. दोन्ही कागद टेबलावर शेजारी ठेवून वाचत बसली, इस्त्रीच्या कपड्यांची यादी तपासावी तशी. "एकात चार-पाच म्हणतात, एकात पाच-एस. गादी तर दोन्हीकडे एकच लिहिलीय."

"मग कुठली?"

"मला काय विचारतोस, पाठ तुझी आहे."

अं.डॉ.ना फोन केला. ते म्हणाले, माझा रिपोर्ट बरोबर आहे, ऑपरेशनची तारीख घ्या.

८ जुलै, मंगळवार

मु.डॉ.नी दोन्ही फिल्मा शेजारी लावल्या आणि पेनाने मोजायला लागले. मानेपासून. सात, मग बारा, मग एक, दोन, तीन, चार, पाच... आणि सहा.

"तुम्हाला कमरेत एक मणका जास्त आहे."

वै.ने माझ्याकडे असं बघितलं, जणू मी लपवून ठेवला होता.

जास्त म्हणजे नवीन आलेला नाही. सगळ्यांचा जो मणका खाली माकडहाडाच्या वरच्या हाडाला चिकटलेला असतो, तो माझा सुटाच राहिला. जन्मापासून. काही लोकांना असतो, त्रास नसतो, कळतही नाही. पहिल्या रिपोर्टवाल्यांकडे फक्त कमरेचा फोटो. त्यांनी खालून मोजलं. सगळ्यात खालचा सुटा मणका तो पाचवा धरला आणि तिथून वर. दुसऱ्यांकडे पूर्ण पाठ, त्यांनी वरून मोजलं.

"म्हणजे गादी एकच?"
"एकच. नावं दोन."

मी मोठ्याने हसलो. डॉक्टरांना वाटलं घाबरून हसतोय. अहो, आमच्या ऑफिसात हे रोज होतं. वॉचमन सांगतो पाचवा मजला, मेकॅनिक खालचे पार्किंगचे मजले धरून मोजतो आणि भलत्याच दारात जाऊन बेल वाजवतो. लिफ्ट एकच, अडकलेला माणूस एकच.

मग हसू आटलं. मेकॅनिक भलत्या मजल्यावर गेला तर परत जिना उतरतो. अं.डॉ.नी भलता मजला उघडला असता तर? मु.डॉ. म्हणाले, ऑपरेशनच्या वेळी पुन्हा फोटो काढून खात्री करतातच, पण असा मणका असेल तर मोजणी आधी पक्की झालेली बरी. आणि कुठली नस कुठल्या गावाला जाते तेही अशा पाठीत थोडं इकडे तिकडे होऊ शकतं. "नकाशा सर्वसाधारण असतो. पाठ तुमची आहे." वै. म्हणाली, मी तेच म्हटलं होतं.

ऑपरेशन? "लगेच नाही. बऱ्याच जणांची गादी आपोआप आक्रसते. वजन उचलायचं नाही, व्यायाम करायचा. आणि दुखण्यावर जाऊ नका. पायातल्या ताकदीवर लक्ष ठेवा. दुखणं कमी झालं आणि पाय बधिर पडायला लागला तर मला ताबडतोब फोन करायचा. तेव्हा थांबायचं नसतं."

एक म्हणतो काढा, एक म्हणतो थांबा. कोणाचं ऐकू? चप्पल सांगायची राहिली.

१० जुलै, गुरुवार. गुरुपौर्णिमा

सराव सुरू. मैदानात नारळ फुटला. बाळादाच्या पाया पडलो, वाकताना पायात वीज गेली. वै.ला शब्द दिलाय, आत नाही, फक्त बाहेरून रेटायचं.

बाळादाला सहावा मणका सांगितला. तो बघतच राहिला. "म्हंजे तुझ्यात एक थर जास्ती! मगे तूच बेसाक होयो." म्हणजे बेसला मीच हवा.

माझ्या जागी विन्याला घातला. पोरगेला आहे अजून, पण खांदे चांगले. मी मागून त्याच्या पाठीवर दोन्ही हात टेकवून रेटत होतो. टी-शर्टमधून त्याचे मणके हाताला लागत होते. तीनच थर लावले. थर उतरल्यावर विन्या वळून म्हणाला, "संत्यादा, तुझ्यासारखं नाय जमत रे, गुदमरतं आत."

खूप गोड वाटलं ऐकायला. वाटायला नको होतं.

२० जुलै, रविवार

दुखणं आहे. व्यायाम आहे. पाऊस आहे. लिफ्टच्या कंप्लेंटी पावसात दुप्पट.

२५ जुलै, शुक्रवार

श्रावण लागला. सकाळी उठलो तर मांडी दुखत नव्हती! पोटरीही नाही. उभा राहिलो, वाकलो, खोकलो. वीज नाही. वै.ला हाक मारली, स्वयंपाकघरात जाऊन तिला उचलणारच होतो, तिने झारा दाखवला.

झकास. गादी आक्रसली म्हणायची. म्हणालेच होते ना, आपोआप जाते.

१ ऑगस्ट, शुक्रवार

दुखणं जवळजवळ गेलं. केतकी मॅडमना सांगितलं तर त्या खूश दिसेनात. "टाचांवर चालून दाखवा काका." चाललो. "परत." परत चाललो. "उजव्या पायाचा पंजा डाव्याएवढा वर येत नाहीये का?" त्या मलाच विचारत होत्या. मला वाटलं येतोय. त्यांनी अंगठा हाताने खाली दाबला, म्हणाल्या वर उचला. उचलला. "थोडा कमी वाटतोय. पण मागे मी मोजून ठेवलं नव्हतं, त्यामुळे नक्की नाही सांगता येत. डॉक्टरांना दाखवून या."

कमी वाटतोय, नक्की नाही. मग मी काय समजायचं? दुखत होतं तेव्हा सगळे सांगत होते बरं होईल. बरं झालं तर म्हणतात दाखवून या.

मु.डॉ. परगावी. १८ तारखेची, सोमवारची वेळ मिळाली. हंडी १६ला. दवाखान्यातल्या बाईंनी विचारलं, "तातडीचं आहे का?" म्हटलं, नाही नाही, दुखत नाहीये.

९ ऑगस्ट, शनिवार

वै. राखी बांधायला भावाकडे. घरात एकटा. आरशासमोर टाचांवर चाललो. डावा, उजवा, डावा, उजवा. एकदा वाटलं सारखे आहेत. एकदा वाटलं नाहीत. आरसा अर्धाच आहे, पाय बघायला खुर्चीवर चढावं लागतं आणि खुर्चीवर टाचांवर चालता येत नाही.

१२ ऑगस्ट, मंगळवार

सराव. सहा थर लागले. विन्याचे पाय थरथरत होते, माझ्या हाताला कळत होतं. उतरल्यावर बाळादा माझ्या शेजारी येऊन उभा राहिला. "दुखता काय रे अजून?"

"नाय."

"बरां," म्हणाला. एवढंच.

हे बरां मला सारखं आठवतंय. उभा राहा असं तो म्हणाला नाही. म्हणणारही नाही. मी आत असताना विन्याएवढे पाय थरथरले नसते. पण माझा पाय थरथरला तर मला कळेल का? चप्पल कळली नव्हती. वर माणसं असतात. माझं एकट्याचं असतं तर विचारलंही नसतं कोणाला.

१५ ऑगस्ट, शुक्रवार

वै.ने टी-शर्ट धुऊन वाळत घातला. "बाहेरून ना?"
"बाहेरूनच."
"शपथ?"
"अगं हो."

१६ ऑगस्ट, शनिवार. दहीहंडी. संध्याकाळ

आत्ताच घरी आलो. सगळं अंग हळदीने, दह्याने, चिखलाने माखलेलं. लिहून टाकतो, नंतर मन बदलेल.

सकाळपासून बाहेरूनच रेटलं. शब्द पाळला. तीन हंड्या फुटल्या. दुपारनंतर नाक्यावरची, सात थरांची, शेवटची. थर लावायच्या आधी विन्याच्या पोटरीत गोळा आला, बसलाच खाली. बाळादा इकडे तिकडे बघत होता. माझ्याकडे बघितलं. खरं तर बघितलंही नसेल. मीच पुढे झालो.

आत उभा राहिलो. मान खाली. खांद्यावर पाय आला, सवयीचा. मग वरची सगळी वजनं एकामागून एक. कंबर ऐकत होती. वाट बघत होतो वीज कधी जाते. नाही गेली. कमरेत नाही, मांडीत नाही, पोटरीत नाही. चिखलात आजूबाजूला सगळ्यांचे पाय, कोणाचा कुठला कळेना. वरून पाणी. मग शिट्ट्या, टाळ्या. फुटली! थर नीट उतरला, कोणालाही खरचटलंसुद्धा नाही. बाळादाने मला मिठीच मारली. मी ओरडत होतो, "दुखलं नाही, अरे अजिबात दुखलं नाही!" विन्याला, बाळादाला, अनोळखी लोकांना पण. डोळ्यांत पाणी आलं. वाटलं, डॉक्टर, रिपोर्ट, सहावा मणका, सगळे गेले खड्ड्यात, मी बरा झालो.

घरी आलो. वै.ने दार उघडलं, माझा चेहरा बघून हसली. मग खाली बघून म्हणाली, "हे काय?"

दारापासून मोरीपर्यंत फरशीवर लाल डाग. एकाच पायाचे.

पाय धुतला. उजव्या अंगठ्याचं नख अर्धं उपटून लोंबतंय. कोणीतरी वजनासकट पाय दिला असणार त्याच्यावर.

"कधी लागलं?"
"माहीत नाही."

ती खाली बसली, पाय मांडीवर घेतला. कापसाने औषध लावलं. मी दात आवळून तयार बसलो होतो.

"झोंबतंय?"
"नाही."

दाबून लावलं. "आता?"
"नाही."

मग तिने नख धरलं आणि थोडं हलवलं. मला दिसत होतं ती हलवतेय. माझ्याकडे बघितलं. या वेळी विचारलं नाही.

सहा महिने देवाकडे हेच तर मागत होतो, की दुखू नये.

पाय तिथेच पाटावर ठेवलाय. वै.ने पदराने हात पुसले, कपाटातून डॉक्टरांचं कार्ड काढलं, फोन लावतेय. आत उभा होतो का, हे तिने अजून विचारलेलं नाही. रिंग जातेय. अजून कोणी उचलत नाहीये.